थोरांची ओळख : रेल्वेमंत्री प्रा. मधू दंडवते



‘थोरांची ओळख’ म्हटले की राजे येतात, संत येतात, क्रांतिकारक आणि शास्त्रज्ञ येतात. मंत्री फारसे येत नाहीत. या अंकात मात्र आम्ही तुम्हांला एका मंत्र्यांची ओळख करून देणार आहोत. सुट्टीत भारतात गेल्यावर तुमच्यापैकी कोणी आगगाडीच्या स्लीपर डब्यात झोपले असेल, कोणी आजोळी जाताना कोकण रेल्वेच्या बोगद्यात मोठ्याने ओरडून आवाज घुमतो का ते पाहिले असेल. या दोन्ही गोष्टींशी या गृहस्थांचा संबंध आहे. त्यांचे नाव प्राध्यापक मधू दंडवते.

त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट शिकता येते, ती म्हणजे सभेचे नियम. नियम म्हटले की तुम्हांला कंटाळा येतो हे आम्हांला ठाऊक आहे! पण ज्याच्या बाजूने खूप हात वर होतात, त्याला नियमांची फारशी गरज पडत नाही. ज्याच्या बाजूने दोनच हात वर होतात, त्याचे मात्र नियमांशिवाय चालत नाही. दंडवत्यांचे आयुष्य वाचताना हे लक्षात ठेवा.

भौतिकशास्त्राचे सर

मधू दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे झाला. या शहराला आता अहिल्यानगर म्हणतात. त्यांनी मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले. १९४२ साली ‘भारत छोडो’ आंदोलन सुरू झाले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. तुमच्या हायस्कूलमधल्या ताई-दादांएवढे. अनेक विद्यार्थ्यांप्रमाणे तेही त्या लढ्यात उतरले आणि पुढे समाजवादी चळवळीत आले.

पोटापाण्यासाठी त्यांनी शिक्षकाचे काम केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले होते. तेथे दंडवते भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते आणि उपप्राचार्यही होते. म्हणूनच त्यांच्या नावाआधी ‘प्राध्यापक’ कायमचे चिकटले. पुढे ते मंत्री झाले तरी लोक त्यांना प्राध्यापक दंडवतेच म्हणत.

भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, पण गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य डिसेंबर १९६१ पर्यंत होते. गोवा मुक्त व्हावा म्हणून १९५५ मध्ये महाराष्ट्रातून सत्याग्रहींच्या तुकड्या पायी सरहद्द ओलांडून जात. त्यांच्या हातात शस्त्र नसे. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या, गोळ्याही झाडल्या. अशा एका तुकडीचे नेतृत्व दंडवते यांनी केले होते.

पाचशे जणांत दोघे

कोकणात राजापूर नावाचा लोकसभेचा मतदारसंघ होता. तेथून १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै निवडून येत. ते मूळचे वेंगुर्ल्याचे. नाथ पै बोलायला उभे राहिले की विरोधी बाजूचे लोकही कान देऊन ऐकत. कोकणात रेल्वे हवी, ही मागणी ते दिल्लीत सतत मांडत. जानेवारी १९७१ मध्ये, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर लगेच निवडणूक आली आणि त्यांच्या जागी त्यांच्या पक्षाने, म्हणजे प्रजा समाजवादी पक्षाने, दंडवत्यांना उभे केले.

ती निवडणूक इंदिरा गांधींची होती. ‘गरिबी हटाव’ ही त्यांची घोषणा घरोघरी पोहोचली होती. त्यांच्या काँग्रेस पक्षाला देशभर साडेतीनशे जागा मिळाल्या. प्रजा समाजवादी पक्षाला सबंध भारतात दोन! त्यांतले एक खासदार होते मधू दंडवते.

आता विचार करा. पाचशेहून अधिक लोकांच्या सभागृहात तुमचे दोघेच. मतदान झाले तर तुम्ही हरणार हे ठरलेलेच. मग करायचे काय? रागावून बाहेर जायचे? ओरडायचे? दंडवत्यांनी तिसरा मार्ग धरला. ते नियम आणि कागदपत्रे नीट वाचून, पूर्ण तयारी करून सभागृहात येत. शिक्षक वर्गात जाण्यापूर्वी पाठाची तयारी करतात ना, तशी.

लोकसभेत काम कसे चालते?

तुमच्या शाळेच्या विद्यार्थी मंडळात तुम्ही हात वर करून बोलता, ठराव मांडता, मते मोजता. लोकसभेतही तसेच असते, पण नियम पुष्कळ असतात. त्यांतले तीन येथे सांगतो.

पहिला, तारांकित प्रश्न. खासदार काही दिवस आधी लेखी प्रश्न देतो आणि मंत्र्याला सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते. त्या उत्तरावर लगेच उपप्रश्न विचारता येतात. मंत्र्याची खरी परीक्षा उपप्रश्नांतच होते, कारण ते आधी ठाऊक नसतात.

दुसरा, कपात सूचना. सरकार एखाद्या खात्यासाठी कोट्यवधी रुपये मागते, तेव्हा खासदार म्हणू शकतो की ही मागणी कमी करून फक्त एक रुपया करा. एका रुपयात खाते कसे चालणार? अर्थात चालणार नाही. पण या खात्याचे धोरण मला मान्य नाही, असे सांगायची ती रीत आहे. त्या एका रुपयाच्या निमित्ताने त्या धोरणाची चर्चा करता येते.

तिसरा, हरकतीचा मुद्दा. सभागृहात नियमाविरुद्ध किंवा राज्यघटनेविरुद्ध काही चालले आहे असे वाटले, तर कोणताही खासदार उभा राहून हरकत घेऊ शकतो. मग बोलणाऱ्याला थांबावे लागते. आणि गंमत अशी की, हरकत बरोबर की चूक हे मते मोजून ठरत नाही. ते अध्यक्ष नियम पाहून ठरवतात. म्हणजे साडेतीनशे जणांचा पक्ष आणि दोघांचा पक्ष तेवढ्यापुरते सारखेच!

मोठ्या पक्षाला मते पुरतात, लहान पक्षाला अभ्यास लागतो. त्या काळी लोकसभेत हा अभ्यास केलेले दोन मराठी ‘मधू’ होते. एक आपले मधू दंडवते आणि दुसरे मूळ पुण्याचे, पण बिहारमधून निवडून येणारे मधू लिमये. दोघेही समाजवादी. लिमये नियमांचे पुस्तक कोळून प्यालेले होते. त्यांनी हरकत घेतली की मंत्री सावध होत. दंडवत्यांची तऱ्हा थोडी निराळी. ते मिश्कील बोलत, हसता हसता चिमटा काढत, पण बोलणे मुद्द्याला धरून असे.

समितीच्या कामाला गेले आणि तुरुंगात पोहोचले

जून १९७५ मध्ये दंडवते बंगलोरला गेले होते. संसदेच्या एका संयुक्त समितीची तेथे बैठक होती. निवडून आल्यावर स्वार्थासाठी पक्ष बदलणाऱ्यांना आळा कसा घालावा, यासाठीच्या कायद्यावर ती समिती विचार करत होती. अटलबिहारी वाजपेयी आणि लालकृष्ण अडवाणीही त्यासाठीच तेथे आले होते. २५ जूनच्या रात्री देशात आणीबाणी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी या सर्वांना बंगलोरमध्येच अटक झाली. संसदेच्या कामासाठी आलेले खासदार संसदेत परत जाण्याऐवजी तुरुंगात गेले.

त्यानंतर जुलैमध्ये लोकसभेचे अधिवेशन भरले, तेव्हा प्रश्नोत्तराचा तास बंद ठेवण्यात आला. म्हणजे मंत्र्यांना प्रश्न विचारायची सोयच राहिली नाही. वर्तमानपत्रांवरही बंधने होती. नियम नसले की काय होते, हे भारताने तेव्हा पाहिले.

दंडवत्यांच्या पत्नी प्रमिलाताई याही समाजवादी कार्यकर्त्या. त्यांनाही अटक झाली. पती बंगलोरच्या तुरुंगात आणि पत्नी पुण्याला येरवड्यात, असे सुमारे दीड वर्ष गेले. पत्रे हाच काय तो आधार होता, आणि तुरुंगातून जाणारी पत्रे आधी अधिकारी वाचत. प्रमिलाताई पुढे १९८० मध्ये मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. त्या लोकसभेत पती आणि पत्नी दोघेही खासदार होते! त्या स्त्रियांच्या हक्कांसाठी लढल्या. त्यांच्यावर एक वेगळा लेख आम्ही पुढे कधीतरी देऊ.

दोन इंचांची गादी

मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली. काँग्रेस हरली, जनता पक्ष जिंकला आणि मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. तुरुंगातून सुटून आलेले दंडवते रेल्वेमंत्री झाले. आता प्रश्न विचारणारे उत्तरे देणाऱ्यांच्या बाकावर बसले.

तेव्हा रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जाई. १९२४ पासूनची ती पद्धत होती. भारतीय रेल्वेचा पसारा सुमारे साठ हजार किलोमीटरचा. कुठल्या गावी गाडी थांबणार, तिकीट किती वाढणार, हे ऐकायला देशभर लोक रेडिओजवळ बसत.

दंडवत्यांसमोर पहिले काम होते कामगारांचे. मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला होता. सुमारे १७ लाख कामगार त्यात होते. तो वीस दिवस चालला आणि सरकारने तो मोडून काढला. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. नोकरी गेली म्हणजे रेल्वेचे घरही गेले, मुलांची शाळाही सुटली. दंडवत्यांनी या कामगारांना परत कामावर घेतले. रुळांची देखभाल करणारा माणूस रागावलेला असेल तर रेल्वे नीट कशी चालेल?

दुसरे काम होते प्रवाशांचे. पूर्वी रेल्वेत तिसरा वर्ग असे. गांधीजी त्यानेच प्रवास करत. १९७४ मध्ये तिसरा वर्ग हे नाव गेले आणि तो दुसरा वर्ग झाला. पण पाटी बदलली तरी फळी तीच राहिली. दुसऱ्या वर्गात झोपायची जागा म्हणजे नुसती लाकडी फळी! मुंबईहून कलकत्त्याला जायला दीड-दोन दिवस लागत. लोक घरून वळकटी आणत. ज्यांच्याकडे ती नसे, त्यांची पाठ धरे. पहिल्या वर्गात मात्र मऊ गाद्या होत्या.

दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवायला सांगितले. त्यांचे म्हणणे असे की, पहिला वर्ग खाली ओढायचा नाही, दुसरा वर्ग वर उचलायचा. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई व्ही.टी. ते हावडा ‘गीतांजली एक्सप्रेस’ सुरू झाली. रवींद्रनाथ ठाकुरांच्या काव्याचे नाव तिला दिले होते. तिच्यात पहिला वर्ग नव्हताच. सगळे प्रवासी एकाच वर्गाचे, आणि सगळ्यांना गादी! पुढे हळूहळू देशभरच्या स्लीपर डब्यांत अशा गाद्या आल्या.

दोन इंच फोम ही काही मोठी गोष्ट वाटत नाही. पण त्यावर आजवर किती कोटी माणसे झोपली असतील, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा.

कोकणची गाडी

आता पालकांनाही जवळचा वाटेल असा विषय, कोकण रेल्वे.

आपल्या बॉथेलहून एडमंड्सला गेले की किंग्स्टनची फेरी मिळते. मोटारीसकट आपण पाणी ओलांडतो. कोकणातही अशाच खाड्या आहेत. पूर्वी मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी निघाला की आगबोटीने जाई. पावसाळ्यात समुद्र खवळे. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ ही आगबोट मुंबईजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पुढे रस्ते झाले, तरी रात्रभर एसटीच्या गाडीत कशेडीच्या घाटातून अंग आंबवत जावे लागे. मुंबईहून भारतात पहिली आगगाडी १८५३ साली धावली, पण शेजारच्या रत्नागिरीला शंभर वर्षे उलटली तरी रूळ नव्हते.

कारण काय? कोकणात डोंगर आणि नद्या एकाआड एक. बोगदे आणि पूल बांधायला पैसा फार लागणार. एवढा खर्च तिकिटांतून भरून निघणार नाही, असे हिशेब करणारे म्हणत. त्यामुळे मार्ग उत्तरेकडून तुकड्या-तुकड्याने सरकत राहिला. आधी पनवेल, मग आपटा, आणि १९८६ मध्ये रोहा.

नाथ पैंनी हाती घेतलेली ही मागणी दंडवत्यांनी सोडली नाही. राजापूरने त्यांना १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ असे लागोपाठ पाच वेळा निवडून दिले. १९८४ च्या निवडणुकीत तर काँग्रेसला चारशेहून अधिक जागा मिळाल्या आणि दंडवत्यांच्या जनता पक्षाला सगळ्या देशात फक्त दहा. तरी ते जिंकले. पुन्हा तोच लहान पक्ष आणि पुन्हा तेच नियमांचे पुस्तक! पक्ष बदलण्याला आळा घालणारा कायदाही शेवटी १९८५ मध्ये झाला, तेव्हा दंडवते सभागृहात होते. दहा वर्षांपूर्वी याच विषयाच्या बैठकीला गेले असता त्यांना अटक झाली होती.

डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान झाले. दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. एकाच्या हाती तिजोरी, दुसऱ्याच्या हाती रेल्वे, आणि दोघांनाही कोकण रेल्वे हवी. पैशांची अडचण त्यांनी अशी सोडवली : सगळा भार रेल्वेवर टाकायचा नाही. एक वेगळी कंपनी काढायची, तिच्यात केंद्र सरकारचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. उरलेला पैसा लोकांकडून रोख्यांच्या रूपाने उभा करायचा. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन हे कर्तबगार अभियंते त्याचे प्रमुख झाले.

दंडवते अर्थमंत्री वर्षभरही राहिले नाहीत. नोव्हेंबर १९९० मध्ये सरकार पडले. तेवढ्या काळात त्यांनी शेतकऱ्यांची दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जे माफ करण्याची योजना आणली, आणि सोने बाळगण्यावर बंधने घालणारा जुना सुवर्ण नियंत्रण कायदाही रद्द झाला.

मग १९९१ ची निवडणूक आली आणि राजापूरला दंडवते हरले! ज्यांच्यासाठी वीस वर्षे रेल्वे मागितली, त्यांनीच दुसऱ्याला निवडले. पालकहो, याचे मुलांना वाईट वाटेल. पण निवडणुकीत असे होते. लोकांनी मते मोजली, निकाल लागला, दंडवत्यांनी तो मानला. हाही नियमच.

काम मात्र थांबले नाही. २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध कोकण रेल्वे सुरू झाली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, ९१ बोगदे आणि लहान-मोठे सुमारे दोन हजार पूल. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. आपल्याकडे स्टीव्हन्स पासच्या खालून रेल्वेचा कॅस्केड बोगदा जातो, तो याच्या जवळजवळ दुप्पट. तरी भारतात करबुड्याचा बोगदा कितीतरी वर्षे सर्वांत लांब होता.

अखेर

दंडवते १९९६ ते १९९८ या काळात नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. प्रमिलाताई २००१ च्या अखेरीस गेल्या. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत दंडवत्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे देहदान करण्यात आले. आयुष्यभर शिकवणाऱ्या सरांना ते शोभलेच.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. राजापूरहूनच निवडून गेलेले सुरेश प्रभू पुढे रेल्वेमंत्री झाले आणि २०१६ मध्ये त्यांनी मांडलेला रेल्वे अर्थसंकल्प हा शेवटचा वेगळा अर्थसंकल्प ठरला. राजापूर मतदारसंघही आता त्या नावाने उरलेला नाही, तो रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला आहे. गाडी मात्र रोज धावते.

मुलांनो, तुमच्या वर्गात, संघात किंवा मंडळात कधी तुम्ही दोघेच एका बाजूला असाल. तेव्हा रडू नका, ओरडू नका. नियम वाचा, तयारी करा, शांतपणे हात वर करा. आणि कधी तुम्ही जिंकलात, खुर्ची मिळाली, तर आधी बघा की लाकडी फळीवर कोण झोपले आहे.

शब्दार्थ

मतदारसंघ – जेथील लोक मिळून एक प्रतिनिधी निवडतात तो भाग
हरकत – आक्षेप, विरोध
वळकटी – गुंडाळून बांधलेले अंथरूण-पांघरूण
चाकरमानी – नोकरीसाठी मुंबईत राहणारा कोकणातला माणूस
खाडी – समुद्राचे पाणी आत शिरते ती नदीच्या मुखाकडची जागा
रोखे – ठरावीक व्याज देण्याचे वचन देऊन लोकांकडून घेतलेल्या पैशांचे कागद
कोळून पिणे – एखादा विषय संपूर्ण आत्मसात करणे

घरी करून पाहा

१. हरकतीचा मुद्दा मते मोजून का ठरवत नसतील? तीन-चार वाक्ये लिहा.
२. कपात सूचनेत मागणी एक रुपयावरच का आणतात?
३. नकाशात रोहा, रत्नागिरी, मडगाव आणि मंगळूर शोधा व रेघेने जोडा.
४. आई-बाबांना किंवा फोनवर आजी-आजोबांना विचारा : कोकण रेल्वेआधी तुम्ही गावी कसे जात होता? किती तास लागत? त्यांनी सांगितलेले मराठीत लिहून पुढच्या वर्गाला आणा. चांगले लिखाण पुढच्या अंकात छापू.